डेन्मार्कात मी वासरू सोडलं

डेन्मार्कहून परत आल्यापासून लोक मला एकच विचारतात, बर्फ कसा असतो. पोलादपूरच्या स्टँडवरचा कंट्रोलर विचारतो, महाडचे वकील विचारतात, शाळेत भाषणाला बोलावतात तिथली पोरंही तेच विचारतात. बर्फ थंड असतो, पांढरा असतो आणि बुटात शिरतो. झालं. मला सांगायचंय ते एका वासराबद्दल. ते मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितलं नाही, कारण ते ऐकून समोर हार घेऊन बसलेल्या मंडळींची पंचाईत होईल.

महाड

आणीबाणी उठून दीडेक वर्ष झालं असेल. पशुसंवर्धनाची पदविका पुण्यात करून मी घरी बसलो होतो आणि डेन्मार्कातल्या एका शेतकी शाळेत दहा महिन्यांची जागा मिळाली. आधी काही महिने एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात काम करायचं, मग शाळेत शिकायचं आणि शेवटी प्रमाणपत्र. ते हातात पडलं की खात्यात पर्यवेक्षकाची जागा, असं एका साहेबांनी तोंडी का होईना सांगितलं होतं. आमचं घर आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, अकरा उंबऱ्यांच्या धनगरवाड्यात. म्हशी, चारदोन गाई, नाचणी, वरी. वाड्यावरून नोकरीसाठी खाली उतरून गेलेला माणूस नव्हता, तिथं विमानात बसून शिकायला जाणारा कुठला असणार? त्यामुळे मी जाणार म्हटल्यावर सगळा वाडाच जाणार असल्यासारखा वागायला लागला.

पासपोर्टच्या कागदांसाठी महाडच्या किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. कचेरीतल्या भाऊसाहेबांनी माझा अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"डेन्मार्क? हे कुठल्या बाजूला आलं?"

"वरच्या बाजूला."

"आणि तुमच्या वाडीला रस्ता नाही असं लिहिलंय. रस्ता नाही तर पत्ता कसला?"

"माणसं राहतात ना तिथं. मग पत्ता आहे."

एवढ्या एका वाक्यानं माझं काम आणखी पंधरा दिवस लांबलं. माझी जीभ अशी आहे. नको तिथं सुटते. पुढं जिथं सुटायला हवी होती तिथं मात्र टाळूला चिकटून बसली, ते सांगतोच.

चौकशीला आलेला हवालदार पोलादपूरहून चढून वर आला तो शिव्या घालतच. अंगणात बसून दोन तांबे ताक प्यायला, मिशा पुसल्या आणि "पोरगा सरळ आहे" असं लिहून उतरून गेला. सरकारदरबारी माझ्या सरळपणाचा पुरावा तेवढाच.

निघायच्या दिवशी आय आणि तिच्यामागं अकरा घरची माणसं पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आली. महाडची गाडी लागली होती, पुढं मुंबई. मी नवा सूट घातला होता आणि तो काखेत टोचत होता.

"तिथं म्हशीच हायत ना रे?" आयनं विचारलं.

"गाई हायत."

"मग भ्यायचं कशाला. येक ध्यानात ठेव रामा, गोठ्यात खोटं बोलायचं नाय. जनावराचं दूध तुटतं."

मला हसू आलं. दूध कशानं उतरतं आणि कशानं तुटतं यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. "आये, तिकडच्या गाईंना मराठी कळत नाय."

ती हसली नाही. "जनावराला सारं कळतं," म्हणाली आणि कंडक्टरनं घंटी मारली.

जटलंड

विमानाचं, आगगाडीचं आणि मध्येच आगगाडीसकट बोटीत चढण्याचं वर्णन मी करणार नाही. मला ओकाऱ्या झाल्या, यात सगळं आलं.

जटलंड हा डेन्मार्कचा मोठा तुकडा. डोंगर म्हणून नाही. आमच्याकडे सपाट जागा बघायची तर खळ्यात जावं लागतं, इथं नजर जाईल तिथपर्यंत सपाट. पहिले आठ दिवस मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. ज्यांच्याकडे मला ठेवलं ते पेदर, पन्नाशीचे, उंच आणि मुके म्हणावेत इतके कमी बोलणारे. त्यांची बायको इंगर. दोघांना तोडकंमोडकं इंग्रजी यायचं, माझंही त्याच लायकीचं, त्यामुळे जमून गेलं. गोठ्यात बत्तीस तांबड्या गाई. प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, पाटीवर नाव आणि रोजच्या दुधाचा आकडा. दारात लाकडी जोडे काढायचे, दुपारी बाराला जेवायचं, संध्याकाळी काळी आंबूस भाकरी. डुकराचं आणि गाईचं मी खात नाही म्हटल्यावर इंगर क्षणभर विचारात पडल्या आणि मग तीन महिने मला अंडी, मासे, बटाटे यांवर जगवलं. आभार मानायला हे लोक "ताक" म्हणतात. आणि जेवणावर खरंखुरं ताकही देतात, आमच्यासारखंच पातळ. पहिल्या दिवशी पेल्यातलं ताक तोंडाला लावलं तेव्हा कुठं मला वाटलं की हेही माणसांचंच गाव आहे.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीअखेर पेदर माझ्याबद्दल शाळेला अहवाल देणार होते. तो चांगला गेला तर शाळेत प्रवेश, नाहीतर परतीचं तिकीट. माझ्या आधी आलेल्या एका परदेशी मुलाला महिन्याभरात घरी पाठवलं होतं. का, ते पेदरनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. परत गेलो तर वाड्यावर काय तोंड दाखवू? स्टँडवर अकरा घरची माणसं सोडायला आली होती.

काम मला येत होतं. हातानं धार काढायला सांगितली तेव्हा पेदर शेजारी उभे राहून बघत होते आणि त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. यंत्रही शिकलो. एकच गोष्ट गळ्याखाली उतरेना. गाय व्याली की वासरू लगेच उचलायचं, दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि बादलीतून मोजून दूध पाजायचं. आईनं त्याला चाटायचंसुद्धा नाही.

आमच्या वाड्यावर धार म्हणजे आधी वासरू सोडायचं. ते चार ढुशा देतं, आईला पान्हा फुटतो, मग ओढून तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं. ती त्याला चाटत राहते, आपण धार काढतो. दोन सड आपले, दोन त्याचे. वासरू मेलं तर तेसुद्धा आधी आईपुढं ठेवतात, हुंगू देतात, घरातली जाणती बाई गाईच्या कानाशी जाऊन सांगते, "बाय, गेलं गो तुझं," आणि मगच उचलतात. आमच्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळे करतात म्हणून आपण करतो.

पेदरना मी विचारलं, वासरू का तोडता? ते म्हणाले, "पोटात किती गेलं ते कळत नाही. आजार कुठून आला तेही कळत नाही. आणि एकदा पाजलं की गाय यंत्राला दूध देत नाही." तीन कारणं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुम्हाला गाय कळत नाही.

रोसा

डिसेंबरात रोसा नावाची पहिलारू गाय व्याली. शुक्रवारी पहाटे. कालवड झाली, तांबडी, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. इंगरनी ती उचलून नेली. वासरांची सगळी जबाबदारी त्यांची होती. रोसानं दिवसभर हंबरडा फोडला. पान्हा सोडवायची सुई टोचून तिचा चीक काढला. त्याचं शनिवारी इंगरनी काय करावं? साखर घालून, भट्टीत ठेवून चक्क खरवस केला. वर दालचिनी. या लोकांनाही खरवस ठाऊक आहे! मी तीन वड्या खाल्ल्या आणि चौथी मागून घेतली. इंगर माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या.

शनिवारी संध्याकाळपासून रोसानं दूध चोरलं. यंत्र लावलं की पाठ कमानीसारखी करायची, थेंब नाही. रविवारी सकाळीही तेच. कास दगडासारखी टणक. पेदर म्हणाले, सोमवारी डॉक्टर येतील, थांबू.

रविवारी दुपारी दोघं पुतणीच्या बारशाला शेजारच्या गावी गेले. जाताना पेदर म्हणाले, "संध्याकाळची धार तू काढ. एकटा." हा मान होता, मला कळलं. छाती फुगली.

एकतीस गाई झाल्या. रोसा राहिली. चारच्या आधीच बाहेर अंधार पडला होता आणि ती पलीकडच्या दाराकडे मान वळवून हंबरत होती. मी शपथेवर सांगतो, मी विचार केला नाही. हात आपोआप गेले. दार उघडलं, कालवडीच्या गळ्यात दोरी अडकवली आणि आणून सोडली.

रोसानं आधी तिला हुंगलं. मग चाटायला लागली, कान, डोळे, पाठ, शेपटीपर्यंत. कालवडीनं ढुशी दिली आणि पान्हा असा फुटला की चारी सडांतून दूध आपणहून गळायला लागलं. मी दोन सडांना बसलो. तिकडं गेल्यावर पहिल्यांदाच मला आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं. सात-आठ शेर काढलं. आनंदाच्या भरात कालवड किती पितेय तिकडं माझं लक्षच नव्हतं. तटतटलेली कास, तीन दिवसांचं पोर. ती स्वतःहून बाजूला झाली तेव्हा तिचं पोट घट्ट फुगलं होतं. मी तिला परत नेऊन बांधलं, तोंड पुसलं आणि रोसाच्या पाटीवर दुधाचा आकडा लिहिला.

पेदर आले, आकडा बघितला. "कसं?"

"हातानं," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

सोमवार, मंगळवार

सोमवारी सकाळी कालवडीला हगवण लागली. पांढरी, पाण्यासारखी. आणि रोसानं यंत्राला थेंब दिला नाही. नुसती दाराकडं बघून ओरडत होती.

डॉक्टर आले. गोठ्यात सगळे उभे होतो, पेदर, इंगर आणि मी. डॉक्टरांनी कालवडीचा ताप बघितला, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. मग विचारलं, "पाजण्यात काही बदल? काही वेगळं?"

इंगर म्हणाल्या, "नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काल तू होतास. काही वेगळं?"

तोंड उघडून सांगायचं, एवढंच होतं. माझ्या डोळ्यांपुढं पोलादपूरचा स्टँड आला, अकरा घरं आली, भाऊसाहेबांचं तोंड आलं. मी म्हटलं, "नो, सर."

गोठ्यात, गाईंच्या मध्ये उभा राहून मी खोटं बोललो.

डॉक्टरांना साथीचा संशय आला. त्यांनी औषधं दिली, बाकीची वासरं वेगळी केली आणि दोन दिवसांत आणखी एखाद्याला लागण झाली तर वर कळवावं लागेल, सगळ्या गोठ्याचं दूध विकणं थांबेल, असं सांगून गेले. संध्याकाळी जेवताना पेदर डॅनिशमध्ये इंगरना काहीतरी म्हणाले. हळू आवाजात, पण भाषा न कळताही कळावं असं. बादल्या. "स्पंद" म्हणजे बादली, तेवढा शब्द मला येत होता. इंगरनी काटा खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या.

मंगळवारी पहाटे मी गोठ्यात गेलो तर इंगर आधीच तिथं. सोड्याच्या कढत पाण्यात वासरांच्या सगळ्या बादल्या घासत होत्या. घासलेली बादली पुन्हा घासत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी नेहमी धुते. नेहमी." मला सांगत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या.

ज्या बाईनं मला खरवस करून घातला ती माझ्या चुकीच्या बादल्या घासत होती आणि मी शेजारी उभा राहून शेण ओढत होतो. माझीच मला किळस आली. तरी बोललो नाही. दिवसभर स्वतःला समजावत राहिलो की कालवड उद्या उठेल, सगळं विसरलं जाईल. कालवड उठली नाही. डोळे खोल गेले. रोसाचं दूध तर पार तुटलं, एका सडात गाठ धरली. दोन पानं लिहिलेला मी पदविकावाला त्या रात्री आयचं वाक्य घोकत पडून राहिलो.

बुधवार

सकाळच्या धारेनंतर मी पेदरना म्हटलं, "या माझ्याबरोबर." इंगरनाही बोलावलं. इंग्रजी आठवेना. मी मोकळी दोरी घेतली, वासरांच्या खोलीच्या दारापाशी गेलो, तिथून रोसापर्यंत चालत आलो, दोरी तिच्या कासेपाशी धरली आणि म्हटलं, "संडे. मी. कालवड प्यायली. खूप प्यायली." मग इंगरकडे वळून म्हटलं, "बादल्या नाही. मी."

पेदर माझ्याकडे बघत होते, रागानं बघत असते तर बरं वाटलं असतं. मग ते घरात गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. इंगर आपल्या हातांकडे बघत राहिल्या, मग त्याही गेल्या. मी दोरी धरून तिथंच उभा.

डॉक्टर तासाभरात आले. साथ नव्हे हे कळल्यावर त्यांनी आधीची औषधं थांबवली, दूध बंद केलं, मीठ-साखरेचं पाणी नळीनं पोटात सोडलं. जाताना गाडीपाशी मला म्हणाले, "हे सोमवारी सांगितलं असतंस तर मी सोमवारी हेच केलं असतं." एवढंच. ओरडले असते तर मी विसरलो असतो.

गुरुवारी सकाळी कालवड मेली. दुपारी मेलेली जनावरं नेणारी गाडी आली. दोन माणसांनी तिला मागच्या बाजूनं नेलं. आत रोसा ओरडत होती. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इंगरनी बादल्यांची चळत माझ्यापुढं ठेवली. "आता तू धू." फेब्रुवारीअखेरपर्यंत वासरांची एकेक बादली मी धुतली. पेदर कामापुरतं बोलायचे. रोसाला दगडी झाली, कास सुजून एक सड कायमचा गेला. पाटीवरचा तिचा आकडा मी रोज लिहायचो, रोज तो शेजारणींपेक्षा कमी. अहवालाचं पाकीट पेदरनी माझ्यासमोर चिकटवलं आणि टपालात टाकलं. मी सामान बांधून ठेवलं होतं.

शाळेत गुरुजींनी मला समोर बसवून तो अहवाल वाचून दाखवला. चारच ओळी होत्या. जनावरांत चांगला आहे. त्याच्यामुळे एक वासरू मेलं. दोन दिवस खोटं बोलला, मग कुणी न विचारता सांगितलं. पुन्हा पाठवलात तर मी ठेवून घेईन.

मला शाळेत घेतलं. प्रमाणपत्र मिळालं. ते आता खात्याच्या महाडच्या कचेरीत फायलीत आहे.

वाडा

परत आलो ते भरपावसात. महाबळेश्वरला जाणारी एसटी आंबेनळीत आमच्या वळणावर थांबवली आणि चिखलातून वर चढलो. दोन दिवस माणसं येत राहिली. बर्फ कसा असतो, मडम कशा असतात. आय गर्दीत काहीच विचारत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धारेच्या वेळी गोठ्यात आम्ही दोघंच होतो. आय तांब्या घेऊन गाईपाशी बसली होती, वासरू खुंट्याला ओढ घेत होतं. मी वासराजवळ उभा राहून तिला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही, दूध तुटलं तेही. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं व्हतं. तिनं ते म्हटलं नाही.

"मालकाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"डाक्तराला?"

"त्यालाबी. मास्तरला पण ठाव हाय."

ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आन् तिला सांगितलंस?"

कुणाला ते मला कळलं; रोसा ओरडत होती तेव्हा दार मीच लावून घेतलं होतं.

"नाय," मी म्हटलं.

"मग ती वाट बघत आसंल रे," आय म्हणाली, आणि तिनं हात लांब करून वासराची दोरी सोडली.